तीच ही चाल

कोणत्याही एका क्षणी कानावर पडतो तो एकच स्वर. त्याच्या आधीचा तोवर विरून गेलेला असतो आणि त्याच्या पुढचा अजून उमटलेला नसतो. तरीही ऐकणाऱ्याला चाल ऐकू येते, आणि पुष्कळदा चार-पाच स्वरांतच ‘ही तीच’ अशी तिची ओळखही पटते. जी वस्तू कोणत्याही एका क्षणी पूर्णपणे अस्तित्वात नसते ती ऐकली कशी जाते, आणि जी दर वेळी नव्या कंठातून नव्याने जन्म घेते तिला ‘तीच’ म्हणण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला कुठून मिळतो, हे दोन प्रश्न वरवर पाहता संगीतशास्त्राचे वाटतात. परंतु ते नेटाने पुढे नेले की त्यांची वाट काळ, स्मृती आणि ज्ञाता यांच्या स्वरूपाकडे वळते. आणि शब्दाच्या ओळखीच्या निमित्ताने भारतीय दर्शनांनी शतकानुशतके जो वाद घातला, तो चालीच्या बाबतीत अधिकच तीव्रपणे लागू पडतो.

प्रश्नाचा पहिला पदर ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ ख्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात नेमका पकडला. चाल म्हणजे तिच्यातील स्वरांची बेरीज असेल, तर स्वर बदलले की चालही बदलली पाहिजे; पण सगळे स्वर सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली सरकवले तरी चाल तीच राहते, आणि उलट तेच स्वर ठेवून त्यांचा क्रम विस्कटला तर ती नाहीशी होते. म्हणून स्वरांवर आधारलेला, तरी कोणत्याही सुट्या स्वरात न सापडणारा असा एक गुण मानावा लागतो, ज्याला त्यांनी आकृतीचा गुण म्हटले. मराठी श्रोत्याला हे पडताळून पाहायला हार्मोनियम पुरेशी आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा भूप आणि काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा भूप यांच्या पाच-पाच पट्ट्या पाहिल्या, तर त्यांपैकी दोनच पट्ट्या दोघांना सामाईक निघतात, आणि त्याही दोघांकडे वेगळ्या नात्याने नांदतात: त्याचा धैवत तो तिचा षड्ज आणि त्याचा गंधार तो तिचा पंचम. इतके सगळे बदलूनही श्रोत्याला क्षणभरही वाटत नाही की त्याने दोन निरनिराळ्या गोष्टी ऐकल्या. संगीत नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश असे, त्यामागेही हीच धारणा होती की शब्द, भाषा, पात्र आणि प्रसंग यांपैकी काहीही सोबत न नेता चाल एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात सुखरूप जाऊ शकते.

हा आकृतीचा गुण नेमका कशाचा, याविषयी प्रायोगिक मानसशास्त्राने पुढे बरीच स्पष्टता आणली. डाउलिंग आणि फुजितानी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की अपरिचित छोटी चाल वेगळ्या पट्टीत पुन्हा ऐकवली की श्रोत्यांच्या लक्षात मुख्यतः तिच्या चढउताराची रेषा राहते, स्वरांमधली नेमकी अंतरे राहत नाहीत. परिचित चालीच्या बाबतीत मात्र अंतरेही काटेकोरपणे ध्यानात असतात. म्हणजे चालीची बाह्यरेषा कानाला लगेच मिळते, पण तिचा चेहरा सहवासाने मिळतो. राग ऐकणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही, कारण बिलावल आणि भैरव यांच्या सरळ आरोहाची रेषा एकच असूनही कोमल ऋषभ आणि कोमल धैवत लागताच सगळे जग पालटते.

तथापि आकृती ओळखली जाते एवढे सांगून ती कोण धरून ठेवतो हा प्रश्न सुटत नाही. पाठ असलेले स्तोत्र म्हणताना अपेक्षेतला भाग हळूहळू स्मृतीत सरकत जातो आणि मन दोन्हीकडे ताणले जाते, असे निरीक्षण संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना नोंदवले. एडमुंड हुसर्ल यांनी १९०५ मधील व्याख्यानांत चालीचेच उदाहरण घेऊन त्यावर आणखी बारकाईने विचार केला. आधीचे स्वर जर जसेच्या तसे कानात वाजत राहिले असते, तर चालीऐवजी केवळ कल्लोळ ऐकू आला असता. आणि ते पूर्णपणे पुसले गेले असते, तर प्रत्येक स्वर अनाथ राहिला असता. म्हणून नुकताच गेलेला स्वर ‘गेलेला’ म्हणूनच अजून हाती आहे अशी एक अवस्था मानणे भाग पडते, जिला आठवण म्हणता येत नाही, कारण आठवणीसाठी आधी विसर पडावा लागतो. ही अवस्था ऐकण्याच्याच पोटात असते.

भारतात हीच अडचण शब्दाच्या संदर्भात उभी राहिली. वर्णही एकेक करून उच्चारले जातात आणि नष्ट होतात; मग ‘राजा’ हा शब्द कोणता वर्ण सांगतो? आणि वर्णच शब्द असतील, तर ‘राजा’ आणि ‘जारा’, ‘कपि’ आणि ‘पिक’ यांत वर्ण तेच असताना अर्थ निराळे का? ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी हा आक्षेप नोंदवला आहे आणि त्याला मुंग्यांच्या रांगेचा दृष्टांत देऊन उत्तर दिले आहे: मुंग्या क्रमाने चालतात म्हणूनच ‘रांग’ ही बुद्धी होते, तिच्यासाठी मुंग्यांहून वेगळी अशी रांग नावाची वस्तू मानण्याचे कारण नाही. नैयायिकांनीही जवळपास अशीच वाट धरली. आधीच्या वर्णांनी मनात सोडलेले संस्कार आणि शेवटचा ऐकू आलेला वर्ण मिळून शब्दाचा बोध होतो, असे ते म्हणतात.

‘कपि’ आणि ‘पिक’ यांचा हा पेच राग-संगीतात रोजच्या व्यवहाराचा आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम आणि धैवत हेच पाच शुद्ध स्वर लागतात. पण भूपाचा वादी, म्हणजे रागात सर्वाधिक महत्त्व पावणारा स्वर, गंधार आहे आणि देसकाराचा धैवत. भूप सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे पूर्वांगात, रमतो आणि सायंकाळनंतर गायला जातो. देसकार उत्तरांगात वावरतो आणि सकाळचा मानला जातो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तसेच: पंचम वर्ज्य असलेले सहा स्वर तिघांत समान, परंतु मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत यांच्या ठाम उभे राहण्याने षड्जच दुरावल्यासारखा वाटतो, पूरियात गंधार आणि निषाद यांच्यामुळे स्वर मंद्राकडे ओढले जातात, आणि सोहनी तार षड्जाभोवती घिरट्या घालते. इथे क्रम बदलतो एवढेच म्हणून भागत नाही. कोणत्या स्वरावर किती थांबायचे, ज्याला न्यास म्हणतात, कोणता स्वर नुसता स्पर्शून जायचा आणि कोणत्या स्वराकडे मींडेने, म्हणजे मधली श्रुतिस्थाने न तोडता घसरत, जायचे यावर रागाची ओळख उभी असते. मुंग्यांची रांग कोणत्याही मुंग्यांची झाली तरी रांगच असते. भूपाच्या रांगेत मात्र धैवताने गंधाराहून अधिक रेंगाळून चालत नाही. मुंग्यांच्या दृष्टांतात अंगभूत महत्त्वाची ही कल्पना नाही, आणि म्हणून चालीच्या बाबतीत तो अपुरा ठरतो.

ओळखीच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे ‘तीच’ या शब्दावर, बौद्ध आणि मीमांसक यांच्यात सर्वांत कडवा वाद झाला. सर्व वस्तू क्षणिक आहेत असे मानणाऱ्या बौद्धांच्या मते ‘हा तोच’ हे ज्ञान भ्रमच होय. कापल्यावर पुन्हा वाढलेले केस आणि नखे किंवा क्षणोक्षणी नवी होणारी दिव्याची ज्योत यांना लोक ‘तीच’ म्हणतात, तसेच सारखेपणाला एकपणा समजण्याची ही चूक आहे. याउलट शब्द नित्य मानणाऱ्या मीमांसकांनी लोकव्यवहाराकडे बोट दाखवले. शबरस्वामींच्या भाष्यातला युक्तिवाद असा, की ‘गो’ शब्द आठ वेळा उच्चारला असे लोक म्हणतात, आठ गोशब्द उच्चारले असे कुणी म्हणत नाही. तेव्हा उच्चार अनेक आणि शब्द एक. संगीताच्या बाबतीत दोन्ही पक्षांना आपापल्या जागी न्याय द्यावा लागतो. आयुष्यात शंभर वेळा भूप ऐकलेला रसिक शंभर भूप ऐकले असे म्हणत नाही. पण प्रत्येक मैफल वेगळी होती हेही तो आग्रहाने सांगतो, आणि खरे पाहता त्या वेगळेपणासाठीच तो पुन्हा जाऊन बसतो. गोशब्दाचा नववा उच्चार पहिल्या आठांत काहीच भर घालत नाही, तर रागाचे प्रत्येक गायन त्या रागाविषयीची समज थोडी का होईना बदलते. नित्य शब्दाची उपमा इथे लंगडी पडते आणि निव्वळ सादृश्याची तर त्याहून अधिक. कारण सारखेपणा दोन तयार वस्तूंमध्ये असतो, आणि राग कुठेही तयार वस्तू म्हणून ठेवलेला नसतो.

या वादात जैन तर्कशास्त्राने घेतलेली भूमिका फारशी चर्चिली जात नाही, हे खेदाचे आहे. ‘तोच हा देवदत्त’ या ज्ञानाला, म्हणजे प्रत्यभिज्ञेला, जैन आचार्यांनी परोक्ष ज्ञानाचा स्वतंत्र प्रकार मानले. त्यात ‘हा’ प्रत्यक्षातून येतो आणि ‘तो’ स्मृतीतून, पण त्या दोहोंची सांगड प्रत्यक्षही घालू शकत नाही आणि स्मृतीही. प्रत्यक्षाला भूतकाळ दिसत नाही आणि स्मृतीला समोरचे दिसत नाही. शिवाय ‘हा त्याच्यासारखा’ आणि ‘हा त्याहून निराळा’ ही ज्ञानेही त्यांनी याच वर्गात घातली. आरोहात भूपासारखा वाटणारा राग ऐकत असताना अवरोहातल्या मींडेत निषाद आणि तीव्र मध्यमाची पुसट छाया जाणवून ‘हा भूप नव्हे, शुद्ध कल्याण’ असा निर्णय जेव्हा होतो, तेव्हा सादृश्य, वैलक्षण्य आणि ओळख या तिन्ही गोष्टी एकाच सांध्यावर घडतात, आणि त्या घडण्याचे या भूमिकेइतके नेमके वर्णन अन्यत्र मिळत नाही.

ही सांगड कशी परिपक्व होते याचे उत्तर मात्र भर्तृहरींकडे आहे. पाचव्या शतकातील या वैयाकरणाने ‘वाक्यपदीय’ ग्रंथात मांडलेल्या स्फोटसिद्धांतानुसार शब्द अखंड असतो आणि क्रमाने येणारे ध्वनी त्याला प्रकट करतात. प्रत्येक ध्वनी बुद्धीत एकेक बीज टाकतो, आवृत्तींनी बुद्धी पिकते, आणि अखेरच्या ध्वनीसरशी शब्द स्पष्ट होतो. पुढे मंडनमिश्रांनी ‘स्फोटसिद्धी’त रत्नपारख्याचा दृष्टांत दिला: पहिल्या नजरेला अस्पष्ट असलेले रत्नाचे पाणी पुन्हा पुन्हा पाहिल्यावर एका क्षणी लख्ख दिसते, तरी आधीची नजर फुकट गेलेली नसते. विलंबित आलापाचे याहून चांगले वर्णन करणे कठीण आहे. पहिल्या षड्जातच जाणकाराला रागाचा वास येतो, पण तो राग असतो धूसर. गायक एकेका स्वरापर्यंत बढत करत नेतो तसतसा तोच एक राग अधिकाधिक उघडत जातो, त्यात नवे तुकडे जोडले जात नाहीत. एका ठिकाणी मात्र भर्तृहरींपासून दूर व्हावे लागते. त्यांच्या मते स्फोट स्वतः अक्रम आहे, क्रम केवळ ध्वनींचा. चालीतून क्रम काढून घेतला तर मागे काहीच उरणार नाही. चाल ओळखणाऱ्या बुद्धीत क्रम नष्ट होत नसून तो एकदम धरला जातो, आणि ‘एकदम धरलेला क्रम’ ही कल्पना स्फोटवाद्यांच्या अक्रमाहून अधिक अवघड असली तरी कानाच्या अनुभवाशी तीच प्रामाणिक आहे.

या टप्प्यावर एका प्रयोगाचा विचार अटळ ठरतो. डायना डॉइच यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘यँकी डूडल’ ही अमेरिकेत सर्वतोमुखी असलेली चाल अशी वाजवली, की प्रत्येक स्वर त्याच नावाचा राहिला पण तीन सप्तकांपैकी कोणत्याही सप्तकात विखुरला गेला. जी चाल कोणत्याही एका सप्तकात वाजवली असता तत्काळ ओळखू येत होती, ती आता श्रोत्यांना ओळखता येईना. चढउताराची रेषा तुटल्यावर स्वरांची नावे त्यांच्या उपयोगी पडली नाहीत. विशेष हे, की चालीचे नाव सांगितल्यानंतर तेच विखुरलेले स्वर ऐकताना श्रोत्यांना ती चाल त्यात जागोजागी पडताळून पाहता येऊ लागली. कानावर पडणारा नाद आधीही तोच होता आणि नंतरही तोच. मध्ये केवळ एक शब्द आला.

काश्मीर शैव परंपरेतील उत्पलदेवांनी दहाव्या शतकात ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका’ या आपल्या ग्रंथाच्या शेवटाकडे नेमका हाच प्रसंग उभा केला आहे. एका पुरुषाचे गुण ऐकूनच जिचे मन त्याच्यावर जडले अशी एक तरुणी आहे. तिच्या विनवण्यांनी तो तिच्या जवळ येऊन उभाही आहे, परंतु तो इतर चारचौघांसारखाच दिसत असल्याने तिला आनंद होत नाही. त्याच्या गुणांची खूण कुणी पटवून दिली की त्याच क्षणी ती उजळून निघते. मोक्ष म्हणजे नव्या कशाची प्राप्ती होणे नव्हे, जे सदैव समोर आहे त्याची प्रत्यभिज्ञा होणे होय, हे सांगण्यासाठी हा दृष्टांत आहे. आणि गुरूचे किंवा शास्त्राचे कामही त्यात आपोआप ठरते, की ते काही देत नाहीत, केवळ खूण पटवतात. प्रयोगशाळेतली चाल आणि दृष्टांतातला प्रियकर यांना एका पंक्तीत बसवणे हे धाडस वाटेल, परंतु रचना दोन्हीकडे एकच आहे. समोर असणे आणि ओळखले जाणे यांत एक अंतर आहे, ते अंतर इंद्रियांनी कापले जात नाही, आणि ते कापले गेल्यावर समोरच्या वस्तूत कणभरही बदल न होता सर्व काही बदललेले असते. यावरून आत्म्याचे नित्यत्व सिद्ध होते असे उत्पलदेव म्हणतील. तेवढी मजल एका चालीच्या आधाराने मारता येणार नाही. पण ‘तो’ आणि ‘हा’ यांचे अनुसंधान, म्हणजे एकत्र गुंफणे, करणारा दोन्ही क्षणी हजर असलाच पाहिजे हा त्यांचा मूळ मुद्दा चाल ऐकणाऱ्या कुणालाही नाकारणे जड जाईल.

ओळख पटवणारा संस्कार सर्वांकडे सारखा नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रुमहान्सल यांच्या १९८४ मधील अभ्यासात उत्तर भारतीय राग ऐकवून मग एकेक स्वर त्या रागात कितपत बसतो हे विचारले असता, कोणते स्वर ठळकपणे वाजले हे भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही श्रोत्यांनी टिपले; पण रागामागच्या थाटाची, म्हणजे ज्या सप्तकातून तो निघतो त्या मूळ चौकटीची, जाणीव केवळ भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत दिसली. समोर वाजले ते सगळ्यांना मिळाले. न वाजलेले मात्र ज्यांच्यापाशी संस्कार होता त्यांनाच मिळाले.

संस्काराला विषय न सापडण्याचीही एक अवस्था असते, आणि तिचे सर्वांत सुंदर दर्शन कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या पाचव्या अंकात घडवले आहे. शापामुळे शकुंतलेला विसरलेला दुष्यंत पडद्याआडून हंसपदिकेचे गाणे ऐकतो आणि प्रिय व्यक्तीचा वियोग नसतानाही व्याकूळ होतो. मधुर नाद ऐकून सुखी माणूसही हुरहुरतो, तेव्हा जन्मांतरीच्या जिव्हाळ्याचे त्याला नकळत स्मरण होत असावे, असे तो स्वतःशी म्हणतो. रसाचा विचार करताना अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त हे स्थळ मुद्दाम घेतले आणि बजावले की हे स्मरण तार्किकांना अभिप्रेत असलेले स्मरण नव्हे, कारण इथे आधी अनुभवलेला कोणताही ठरावीक विषय आठवत नाही. नाव न सांगता येणारी चाल ऐकताना जो ओळखीचा दाब छातीवर जाणवतो तो याच जातीचा आहे. ‘तो’ नाही, ‘हा’ आहे, आणि तरी ‘तोच’ची हाक आहे. पुढे अंगठीने दुष्यंताची ओळख पुरी होते, पण गाण्याने ती अंगठीच्या आधीच सुरू केली होती.

गायक या अपुऱ्या ओळखीचा जाणूनबुजून उपयोग करतात. एका रागात गात असताना जवळच्या रागाचा स्वरसमूह घेऊन मूळ राग क्षणभर झाकणे याला तिरोभाव म्हणतात आणि मूळ स्वरवाक्य घेऊन तो पुन्हा प्रकट करणे याला आविर्भाव. शैवांनी शिवाची जी पाच कृत्ये सांगितली त्यांत सृष्टी, स्थिती आणि संहार यांच्यानंतर तिरोधान, म्हणजे स्वतःला झाकणे, आणि शेवटी अनुग्रह येतो. दोन्हीकडे झाकणे हा दोष नाही. ओळखीचा आनंद ज्याला द्यायचा त्याच्यापासून थोडे लपावेच लागते.

परंतु ओळखीलाच एक धोका आहे, आणि तो दाखवून देण्याचे काम मराठीत ज्ञानेश्वरांनी केले. ‘अमृतानुभव’ ग्रंथात ते शिवसूत्रांचा हवाला देऊन ज्ञानही बंधन होते असे सांगतात, आणि पुढे शब्दखंडनाच्या प्रकरणात शब्दाला आठवण करून देणारा म्हणून आधी मनापासून गौरवून मग विचारतात, की जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्याला आठवण कशाची द्यायची? मैफलीत हे बंधन फार लवकर पडते. रागाचे नाव सुचले की पुष्कळ श्रोत्यांचे ऐकणे तिथेच संपते. पुढे ते आपले नाव बरोबर होते याचीच खातरजमा करत राहतात, आणि गायकाने धैवतावर जो नवा प्रकाश टाकला तो त्यांच्या हातून निसटतो. ज्यांना नाव येत नाही असे श्रोते त्या वेळी कधी कधी रागाच्या अधिक जवळ असतात. ओळख ही ऐकण्याची सुरुवात म्हणून मोलाची आहे. तिला निकाल मानले की ती कानावर पडलेला पडदा होते.

कधीच न विसरल्यामुळे जो ओळखावाही लागत नाही असा एक स्वर मैफलीत प्रत्यक्ष असतो: तंबोऱ्याचा षड्ज. तंबोऱ्याची पहिली तार बहुधा पंचमात, मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जात आणि शेवटची खर्जात लावलेली असते; घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी नीट खुलवली की खर्जाच्या तारेतून गंधारही ऐकू येतो, ज्याला कोणतीही तार लावलेली नसल्याने स्वयंभू गंधार म्हणतात. भूपाचा गंधार, देसकाराचा धैवत, मारव्याचा ऋषभ, या सगळ्यांना आपापले नाव या षड्जाच्या नात्यानेच मिळते, आणि तरी मैफलभर त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ‘हा तोच षड्ज’ असे कुणालाही म्हणावे लागत नाही, कारण ‘तो’ आणि ‘हा’ यांच्यात कधी खंडच पडलेला नसतो. भैरवी संपते, गायक डोळे मिटून थांबतो, आणि मागे बसलेल्या शिष्याची बोटे आणखी काही क्षण तारांवरून फिरत राहतात.